वाचक विचारतात : दहा महिन्यांचा ‘काळ’

प्रश्न : बाई, स. न. वि. वि. मुलगी आणि जावई जपानात क्योतोला जाऊन आले. येताना एका देवळाचं इंग्रजी-मराठी माहितीपत्रक घेऊन आले (मराठी त्यांच्या गाइडने हाताने लिहून दिलेलं!). त्यात ‘योवा काळातील महादुष्काळ’ असा उल्लेख आहे. मी निवृत्त इतिहास शिक्षक, त्यामुळे राहवलं नाही, शोधलं. योवा काळ ११८१ ते ११८२ निघाला. आम्ही मुलांना सातवाहन काळ, यादव काळ, पेशवेकाळ शिकवला. एका वर्षाचाही नसलेला हा काळ कसला? छपाईची चूक आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुजी, छपाई बरोबर आहे. खापर फोडायचंच तर आम्हा भाषांतरकारांच्या डोक्यावर फोडा. मूळ जपानी शब्द ‘नेंगो’. ‘नेन’ म्हणजे वर्ष, ‘गो’ म्हणजे नाव. इंग्रजीवाल्यांनी त्याचं ‘एरा’ केलं आणि आम्ही त्या ‘एरा’चं डोळे मिटून ‘काळ’. मीही कित्येक वर्षं तसंच लिहीत आले. ‘वर्षनाम’ म्हटलं असतं तर तुम्हाला हा घोर लागला नसता.

आपल्याकडे संवत्सरांना नावं असतात, प्रभव, विभव, शुक्ल वगैरे. पण ती साठ नावं ठरलेल्या क्रमाने येतात, पंचांग उघडलं की पुढची पन्नास वर्षं दिसतात. नेंगोचं तसं नाही. ते दरबारात बैठक घेऊन ठरवायचं आणि जाहीर करायचं. जाहीर झालं की वर्ष एकपासून मोजायला सुरुवात, दुसरं नाव आलं की पुन्हा एक. आपल्या इतिहासात याच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे १६७४ साली शिवाजी महाराजांनी सुरू केलेला राज्याभिषेक शक. ‘इथून पुढे वर्षं माझ्या सिंहासनापासून मोजा’ असं म्हणण्यात जो दावा आहे, तोच नेंगोतही आहे. मात्र जपानी दरबार एवढ्यावर थांबत नसे. राजा बदलला की नवं नाव, हे झालंच. पण धूमकेतू दिसला, राजवाडा जळला, भूकंप झाला, देवीची साथ आली, कुठे शुभशकुन झाला, तरी नवं नाव. ६४५ सालच्या ‘ताइका’पासून आजच्या ‘रेइवा’पर्यंत अशी २४८ नावं झाली. मध्ये एकदा दोन दरबार होते, तेव्हाची उत्तरेकडच्या दरबाराची नावंही यात आली. ढोबळ सरासरी काढली तर साडेपाच वर्षांना एक नाव पडतं. १८६८पासून एका सम्राटाला एकच नाव असा नियम झाला, म्हणून आता ती जरा टिकतात.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २००८ साली मी एका यंत्रांच्या कारखान्यासाठी कागद भाषांतर करून देत असे. जपानहून एक कागद आला, त्यावर यंत्र रवाना केल्याची तारीख होती २०.९.८. मी न अडखळता ‘२० सप्टेंबर २००८’ लिहून मोकळी झाले. मेंदू भारतीय, हात भारतीय. प्रत्यक्षात ती ‘हेइसेई’ नावाच्या विसाव्या वर्षातली ८ सप्टेंबर होती. हेइसेई २० म्हणजेच २००८. साल बरोबर आलं, म्हणून कोणालाच शंका आली नाही. कंटेनर बारा दिवस आधी बंदरात येऊन बसला, सोडवणुकीचे कागद तयार नव्हते आणि डॅमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा दंड) चढत गेलं. त्या कारखान्यातले स्टोअरवाले साहेब मला एवढंच म्हणाले, “मॅडम, बारा दिवस कुठे ठेवले होतेत?” अजून कानात आहे ते.

आता तुमच्या योवाकडे. नाव दोन अक्षरांचं असतं आणि तेव्हा ते जुन्या चिनी ग्रंथांतून काढत. पंडितांनी दोन-चार पर्याय सुचवायचे, दरबारी मंडळींनी त्यांचा कीस पाडायचा : हे अक्षर पूर्वी कोणत्या दुर्दैवी राजाच्या नावात होतं, याचा उच्चार कशासारखा लागतो, वगैरे. योवातलं पहिलं अक्षर ‘पोसणे’ या अर्थाचं, दुसरं ‘सलोखा’ या अर्थाचं. पोषण आणि सलोखा. तेव्हा देशात यादवी चालू होती आणि लोकांच्या घरात धान्य नव्हतं. पण नाव निवडताना त्यांनी थट्टा केली असं मला वाटत नाही. लेकराचं नाव आयुष्मान ठेवतात, त्यातलाच प्रकार.

निमित्त होतं नव्या सम्राटाचं. आंतोकू दीड वर्षाचाही नसताना, ११८० साली, गादीवर बसवला होता. नव्या राजवटीचं नवं नाव पुढच्या वर्षी देण्याचा प्रघात, त्याप्रमाणे ११८१च्या सातव्या चांद्र महिन्याच्या १४ तारखेला ‘योवा’ जाहीर झालं. पाश्चात्त्य दिनदर्शिकेप्रमाणे २५ ऑगस्ट. सम्राट तेव्हा पावणेतीन वर्षांचा. त्याला गादीवर बसवणारा आजोबा, ताइरा घराण्याचा सर्वेसर्वा कियोमोरी, त्याच मार्चमध्ये तापाने गेलेला. पुढच्या वर्षी पाचव्या महिन्याच्या २७ला, म्हणजे २९ जून ११८२ला, ‘योवा’ संपलं आणि ‘जुएई’ आलं. मी बोटं मोजली : ३०८ दिवस. तरी त्यात ‘योवा १’ आणि ‘योवा २’ अशी दोन वर्षं बसतात, कारण मध्ये नवीन वर्ष लागलं.

त्या पत्रकाची झेरॉक्स पाठवाल का? गाइडचं मराठी बघायची उत्सुकता आहे.

प्रश्न : सर्वांत छोटं नेंगो योवाच का? प्रश्नमंजूषेसाठी हवं आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ‘र्‍याकुनिन’. १२३८च्या अकराव्या महिन्यात आलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या ७ला गेलं, जेमतेम अडीच महिने. कारण ऐकण्यासारखं आहे. ‘र्‍याकुनिन’ हाच उच्चार वेगळ्या अक्षरांनी लिहिला तर अर्थ निघतो ‘माणसं कमी होणे’. दरबारात एवढा कीस पाडूनही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. रस्त्यावरच्या लोकांच्या आलं. कुजबुज वाढली तसं नाव बदलावं लागलं. पुण्यात असतो तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी पाटीवर लिहिलं असतं.

त्या वेळचा सम्राट शिजो हाही लहानच, सात वर्षांचा. त्याच्या दहा वर्षांच्या राजवटीत सहा नेंगो झाले. तो गेला त्याची गोष्ट अशी सांगतात की दासींची आणि दरबाऱ्यांची फजिती करायची म्हणून त्याने वाड्यातल्या पडवीत शंखजिऱ्याची पूड पसरली आणि स्वतःच घसरून पडला. दहा वर्षांचं पोर ते. प्रश्नमंजूषेत हे घालू नका, मुलं नको तेवढी हसतील.

प्रश्न : मी जपानी भाषेच्या एन-थ्री परीक्षेचा अभ्यास करतो. क्लासमध्ये सर म्हणाले की कामाकुराच्या योरितोमोने योवा मानलंच नाही. सरकारने जाहीर केलेलं वर्ष एखाद्याने न मानणं म्हणजे नक्की काय? तो कागदावर काय लिहीत होता?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तो जुनंच लिहीत राहिला! योवाच्या आधीचं नाव होतं ‘जिशो’. राजधानी क्योतोत जिशो पाचव्या वर्षी संपलं. पूर्वेकडे कामाकुराला ताइरांचा प्रतिस्पर्धी मिनामोतो नो योरितोमो, त्याच्या कचेरीत ते संपलंच नाही. तिथून निघालेल्या कागदांवर जिशो ६ आहे, जिशो ७ आहे. क्योतोच्या हिशेबात ही वर्षं कधी उजाडलीच नाहीत.

त्याची बाजू अशी : हा दुडदुडणारा सम्राट ताइरांनी आपल्या सोयीने बसवलेला. राजपुत्र मोचिहितोने ११८० साली ताइरांविरुद्ध उठण्याची आज्ञा काढली, तीच मी मानतो. मोचिहितो त्याच वर्षी मारला गेला होता, पण आज्ञा तर हातात होती. ताइरांच्या सम्राटाच्या नावाने आलेलं वर्ष लिहिलं की त्यांचा सम्राट मान्य केल्यासारखं होणार. म्हणून तलवार चालली नाही त्या दिवशीही त्याचा कारकून तारीख टाकताना लढत होता. तुला पुढे जुने जपानी कागद वाचायचे असतील तर ही सवय लावून घे : मजकुराआधी तारीख बघायची. कोण कोणाच्या बाजूचा, ते तिथेच कळतं.

आता गंमत पुढे आहे. ११८३ साली ताइरांना क्योतो सोडून पळावं लागलं. जाताना त्यांनी आंतोकूला नेलं, आरसा, तलवार आणि मणी ही तीन राजचिन्हंही नेली. मागे क्योतोत निवृत्त सम्राट गो-शिराकावाने आंतोकूच्याच धाकट्या भावाला, गो-तोबाला, राजचिन्हांशिवाय गादीवर बसवलं. योरितोमोशी बोलणी झाली, पूर्वेकडच्या प्रांतांवरचा त्याचा अधिकार दहाव्या महिन्यात दरबाराने मान्य केला, आणि मग कुठे कामाकुराचे कागद ‘जुएई’वर आले. दोन वर्षं मागे राहिलेलं घड्याळ एकदम पुढे.

तोवर पलीकडे उलटी पाळी. ११८४ साली क्योतोने ‘गेनर्‍याकू’ जाहीर केलं, ते ताइरांनी मानलं नाही. समुद्राकाठी याशिमाला तळ देऊन बसलेली ती मंडळी जुएई ३, जुएई ४ असं मोजत राहिली. ११८५च्या तिसऱ्या महिन्यात दान-नो-उराच्या खाडीत त्यांचा पुरता बीमोड झाला. आजी तोकिको सम्राटाला कवटाळून पाण्यात उतरली. आंतोकू सहा वर्षांचा होता. जुएई ४ मोजणारं त्यानंतर कोणी उरलं नाही. ‘जुएई’चा अर्थ तू शब्दकोशात बघ, एन-थ्रीला दोन्ही अक्षरं येतील असं नाही, पण कठीण नाहीत : ‘दीर्घायुष्य’ आणि ‘चिरकाल’.

एक पुरवणी. योवाच्या त्या दहा महिन्यांत मोठी लढाई जवळपास झाली नाही. हे सलोख्यामुळे नव्हे. पश्चिमेकडे अवर्षण जास्त कडक होतं आणि ताइरांची सगळी रसद तिकडूनच यायची. सैन्याला खायला घालायला काही नव्हतं.

प्रश्न : नमस्कार बाई. योवाच्या दुष्काळात क्योतोत ४२,३०० माणसं मेली असं एका ठिकाणी वाचलं. आठशे वर्षांपूर्वी इतका नेमका आकडा कोणी मोजला? मी जनगणनेच्या कामावर दोनदा होते, म्हणून विचारते. घरोघर जाऊन जिवंत माणसं मोजतानाही आमच्या नाकी नऊ आले होते.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते म्हणा ना. या आकड्यामागे एक भिक्षू आहे आणि त्याच्या हातातलं एक अक्षर आहे, आणि ते अक्षर तुम्ही रोज लिहिता.

आधी हा आकडा ज्याच्यामुळे आपल्यापर्यंत आला तो माणूस. कामो नो चोमेई. क्योतोच्या उत्तरेला कामो आणि ताकानो या दोन नद्यांचा संगम आहे, तिथे शिमोगामोचं देऊळ. त्याचे वडील तिथले मुख्य पुजारी. वडील लवकर गेले, पुजारीपण नातेवाइकांच्या राजकारणात हातचं गेलं, पन्नाशीत त्याने डोकं भादरून घेतलं आणि शेवटी हिनोच्या डोंगरात एका खोपटात जाऊन राहिला. खोपट दहा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची सात फुटांच्या आत. शिमोगामोच्या आवारात त्याची प्रतिकृती उभी केलेली मी पाहिली होती. आमच्या जुन्या चाळीतली स्वयंपाकघराची खोली त्याहून मोठी होती. त्या खोपटात १२१२ साली त्याने ‘होजोकी’ लिहिलं, म्हणजे ‘दहा फुटी खोपटातलं टिपण’. छोटंसं आहे, तासाभरात वाचून होतं. त्यात त्याने तरुणपणी पाहिलेली पाच संकटं सांगितली आहेत : आग, वावटळ, राजधानी हलवण्याचा खटाटोप, दुष्काळ आणि भूकंप.

दुष्काळाची सुरुवात तो कशी करतो बघा. ‘योवाच्या सुमारास असावं, फार दिवस झाले, नीटसं आठवत नाही.’ सांगलीच्या गुरुजींना मी वर तारखा दिल्या, दिवस मोजून दिले. आणि जो तिथे होता, विशी ओलांडलेला धडधाकट माणूस, त्याला तीस वर्षांनी सालाचं नाव धड आठवत नाही. आमच्या आजीलाही दुष्काळातल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा रंग आठवायचा, साल विचारलं की म्हणायची, “तुझ्या मामाची मुंज झाली त्याच्या अलीकडे की पलीकडे.”

साल विसरलेला चोमेई बाकी काही विसरलेला नाही. वसंतात आणि उन्हाळ्यात पाऊस नाही, शरदात वादळं आणि पूर. नांगरट झाली, लावणी झाली, कापणीला काही नाही. क्योतो हे खाणारं शहर, सगळं खेड्यांतून यायचं. ते यायचं थांबलं. लोकांनी घरातल्या वस्तू काढल्या, घेणारा कोणी नव्हता. तो लिहितो : सोनं हलकं झालं आणि राळं जड झालं. लोकांना वाटलं, पुढचं वर्ष तरी बरं जाईल. पुढच्या वर्षी वरून साथ आली.

मग तो जवळ जाऊन एकेक गोष्ट दाखवतो. डोक्यावर वेताची टोपी, पायांना पट्ट्या, असा बऱ्या घरचा पोशाख केलेली माणसं दारोदार भीक मागताहेत. चालताहेत असं बघावं तोवर कोसळतात. भिंतींच्या कडेने प्रेतं. लाकूडतोड्यांच्या अंगात ताकद उरली नाही, तेव्हा जळणही येईना. मग लोकांनी स्वतःची घरं मोडली आणि ते लाकूड बाजारात नेलं. एका माणसाच्या पाठीवरची मोळी विकून त्याचं एका दिवसाचं पोट भरत नव्हतं. आणि त्या मोळ्यांत, तो म्हणतो, मधूनच अशा ढलप्या दिसायच्या ज्यांच्यावर शेंदरी रंग लागलाय, कुठे सोन्याचा, कुठे चांदीचा वर्ख चिकटलाय. चौकशी केली तर कळलं : ज्यांच्याकडे मोडायलाही काही राहिलं नाही त्यांनी जुन्या देवळांत शिरून बुद्धाच्या मूर्ती चोरल्या, देवळातलं सामान फोडलं आणि त्याचं सरपण केलं. पुजाऱ्याच्या घरात वाढलेला माणूस आहे हा. असल्या पापी जगात जन्माला आलो आणि हे बघावं लागलं, एवढंच बोलून तो पुढे जातो.

नवरा-बायकोंबद्दल एक ओळ आहे, ती मी वर्गात कधी मोठ्याने वाचू शकले नाही. ज्याची माया जास्त तो आधी मेला. कारण मिळालेला घास तो दुसऱ्याला द्यायचा. म्हणून आईबाप आणि मुलं असतील तर आईबाप आधी, हे ठरलेलं.

आता तुमची मोजणी. क्योतोच्या वायव्येला निन्नाजी नावाचं मोठं देऊळ आहे, ८८८ साली पुरं झालेलं. तिथली चेरीची झाडं बुटकी, फुलं नाकासमोर येतात आणि सगळ्या शहराचा बहर संपल्यावर फुलतात, म्हणून प्रवासी जातात. मीही तेवढ्यासाठीच गेले होते. या देवळातला र्‍यूग्यो नावाचा भिक्षू, पदवी ‘होइन’. रस्त्यावर बेवारस पडलेली माणसं बघून त्याला राहवेना. तो प्रत्येक मुडद्यापाशी थांबून कपाळावर एक अक्षर लिहू लागला. ‘अ’.

होय, आपलाच अ. निन्नाजी हे शिंगोन या बौद्ध पंथाचं. या पंथाचा संस्थापक कूकाई ८०४ साली चीनला गेला, तिथे संस्कृत मंत्र आणि ते लिहायची सिद्धम् लिपी शिकला आणि दोन वर्षांनी ती जपानात घेऊन आला. सिद्धम् आणि देवनागरी या एकाच ब्राह्मीच्या घराण्यातल्या. या पंथात ‘अ’ म्हणजे सगळ्याच्या आधीचं, जे कधी जन्मलं नाही आणि म्हणून मरतही नाही, ते. ‘अनुत्पन्न’मधला अ. अजूनही त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी करतात, तिच्या माथ्यावर हे अक्षर असतं. मी पहिल्यांदा पाहिलं ते नागोयाजवळ एका सहकाऱ्याच्या घरी, त्याच्या वडिलांच्या पाटीवर. काळ्या लाखेवर सोनेरी अक्षर. वळण आपल्यापेक्षा वेगळं, ब्रशचं, डावीकडचा भाग फुगीर. क्षणभर कळलं नाही आणि मग कळलं. तो म्हणाला, हे बोंजी आहे, देवाचं अक्षर, आम्हाला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली (पदर नव्हे, एप्रन, पण हालचाल तीच) आणि मला पुन्हा म्हणायला लावलं.

जाता जाता : जपानी मुलं मुळाक्षरं म्हणतात ती अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी. च-वर्गाच्या जागी स, प-वर्गाच्या जागी ह (तो पूर्वी प-फसारखा होता), की झाली आपली वर्णमाला. ही मांडणीही त्याच सिद्धम्‌च्या अभ्यासातून आली. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी हे सांगितलं की मुलांची निम्मी भीती जाते.

तर र्‍यूग्योने अक्षर लिहायला सुरुवात केली ती मोजण्यासाठी नव्हे. प्रेताला अग्नी नाही, मंत्र नाही, रडायला कोणी नाही. निदान या अक्षराने त्याची गाठ बुद्धाशी पडावी, एवढाच हेतू. नंतर त्याला वाटलं, आहेत तरी किती? आणि चौथ्या व पाचव्या महिन्यात त्याने मोजदाद ठेवली. आकडा ४२,३००च्या वर.

तुम्ही जनगणनेतल्या, तेव्हा हिशेब करून बघाल हे मला माहीत आहे, म्हणून मीच केला. दोन चांद्र महिने म्हणजे ५९ दिवस धरा. रोज सातशेच्या वर कपाळं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत चौदा तास म्हटले तरी तासाला पन्नास. वाकायचं, केस बाजूला करायचे, लिहायचं, उठायचं, पुढच्याकडे जायचं. एकट्याचं काम नाही हे. होजोकीच्या एका पाठात र्‍यूग्योने इतर अनेक साधूंना सोबत घेतल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्या पाठात तो नाही. मला पहिला पटतो. आणि आकड्याबद्दल म्हणाल तर पन्नास हजार किंवा ‘लक्षावधी’ असं न लिहिता बेचाळीस हजार तीनशे लिहिणारा माणूस कुठेतरी खुणा करत होता, असंच मी मानते.

महिन्यांकडेही बघा. मोजणी योवाच्या दुसऱ्या वर्षातली धरली तर ती चौथ्या-पाचव्या महिन्यांतली, आणि पाचव्या महिन्याच्याच २७ला दरबाराने दुष्काळ, साथ आणि यादवी यांना कंटाळून वर्षाचं नाव बदललं. म्हणजे र्‍यूग्योच्या मोजणीचे शेवटचे दोन-तीन दिवस ‘चिरकाल दीर्घायुष्य’ नावाच्या वर्षात पडतात. त्याला ते त्या दिवशी कळलं असेल का, कोण जाणे.

राहिली हद्द. तुमच्या कामात गट पाडून देतात ना, या नाल्यापासून त्या रस्त्यापर्यंत तुमचा भाग, तशी त्यानेही आखली होती आणि चोमेईने ती नीट नोंदवली आहे. उत्तरेला इचिजो रस्ता, दक्षिणेला कुजो, पूर्वेला क्योगोकू, पश्चिमेला सुझाकू. म्हणजे राजधानीचा फक्त पूर्वेकडचा अर्धा भाग, लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. तेही रस्त्याकडेला दिसणारी डोकीच. या दोन महिन्यांच्या आधी गेलेले आणि नंतर गेलेले त्यात नाहीत. शहराची पश्चिम बाजू नाही. नदीपलीकडची शिराकावा वस्ती नाही. बाकीचे प्रांत तर सोडूनच द्या, असं तोच म्हणतो.

आणि कामो नदी क्योगोकूच्या पलीकडून वाहते. तिच्या पात्रात इतकी प्रेतं होती की घोडे आणि गाड्या जायला वाट नव्हती, हेही त्यानेच लिहिलंय. वडिलांचं देऊळ ज्या नदीवर, जिच्यावरून घराण्याला नाव पडलं, तिचा काठ त्या ४२,३००मध्ये धरलेला नाही.